तारीख सुधारली, जाणणे सुधारले का?

गुंजवणे गावातून चोरदरवाज्याच्या वाटेने राजगड चढणाऱ्या माणसाच्या डोक्यात चार वाक्ये आधीपासून तयार असतात. रायरेश्वरावर स्वराज्याची शपथ झाली. महाराजांनी सोळाव्या वर्षी तोरणा घेतला. तोरण्यावर धनाचे हंडे सापडले आणि त्यातून हा राजगड उभा राहिला. पुढे तानाजी कोंढाण्यावर पडला, म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला. चारही वाक्ये शाळेत, व्याख्यानात आणि गडावरच्या गप्पांत एकाच सुरात, एकाच खात्रीने ऐकलेली असतात. त्यांच्यामागचा पुरावा मात्र एका वजनाचा नाही. पहिल्याच्या कागदाबद्दलच वाद आहे, दुसरे दोन तारखांच्या वजाबाकीवर उभे आहे, तिसऱ्यामागे समकालीन कागद उभा करता येत नाही, आणि चौथे त्यातल्या 'म्हणून' या शब्दापाशी कोसळते.

हे कळल्यावर लोक दोनपैकी एक बोलतात. 'म्हणजे इतकी वर्षे आम्हाला खोटे शिकवले', हे एक. 'आज हे म्हणतात, उद्या दुसरे म्हणतील, इतिहास कोणीही कसाही लिहितो', हे दुसरे. पहिल्याला फसवल्याचा राग आहे, दुसऱ्याला कंटाळा. पण दोघांची समजूत एकच: ज्ञान म्हणजे बरोबर वाक्यांची यादी. यादीतले एक वाक्य चुकीचे निघाले तर ते खोडायचे, नवे लिहायचे, नाहीतर यादीच फेकून द्यायची.

माझे म्हणणे असे की ही समजूत उथळ आहे. बहुधा बिघाड वाक्यात नसतो, ते वाक्य आपण कशाच्या जोरावर धरले होते त्यात असतो. ज्याला वाक्याचा आधार ठाऊक नाही त्याचे ज्ञान दुरुस्त होऊ शकत नाही, फक्त बदलले जाऊ शकते. आज छातीठोकपणे '१६३०' सांगणारा माणूस आणि तितक्याच छातीठोकपणे '१६२७' सांगणारे त्याचे पणजोबा यांच्यात जाणण्याच्या दृष्टीने काडीचाही फरक नसण्याची शक्यता आहे. पणतूचे नशीब चांगले, एवढेच.

१. कारीच्या देशमुखांचा कागद

शिवजन्माच्या तारखेचे प्रकरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण त्यात चूक सुधारण्याची सगळी यंत्रणा दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेक सुशिक्षित मराठी माणसाला जन्मवर्ष माहीत होते: शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे एप्रिल १६२७. बखरींत तसे होते आणि ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासातही जन्माचे वर्ष तेच होते. १९०० मध्ये लोकमान्य टिळकांनी 'केसरी'त जन्मतिथीचा प्रश्न चर्चेला घेतला, तेव्हा बखरींचे आपापसातच तिथीवर एकमत नाही ही अडचण उघड होती.

मग एक कागद पुढे आला, आणि तो आला भोर तालुक्यातल्या कारी गावाहून. कारी हे कान्होजी जेधे यांचे गाव, रोहिड खोऱ्याच्या देशमुखांचे. त्या घराण्यातली शकावली, म्हणजे सालवार घडामोडींची टिपणवही, टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे छापली गेली. शके १५४० ते १६१९ या काळातल्या नोंदी तिच्यात आहेत. शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. नक्षत्रही दिलेले आहे. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०.

एका कागदावरून तारीख बदलावी का? मुळीच नाही, आणि तशी ती बदललीही नाही. १९२७ मध्ये जुन्या वर्षाप्रमाणे शिवजन्माची त्रिशताब्दी साजरी झाली. योगायोग असा की त्याच वर्षी सदाशिव महादेव दिवेकरांनी कवींद्र परमानंदांचे 'शिवभारत' छापले. हे संस्कृत काव्य महाराजांच्या हयातीतले, त्याची पोथी तंजावरची. त्यात जन्मतिथी दिली आहे: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. त्याच दशकात जोधपूरच्या ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात थोरामोठ्यांच्या कुंडल्या सापडल्या; त्यांत शिवाजीची कुंडली होती आणि ती याच तिथीला जुळत होती.

कारी, तंजावर, जोधपूर. तीन ठिकाणांचे, तीन जातींचे कागद: घरगुती टिपण, दरबारी काव्य, ज्योतिषाची वही. कारीच्या देशमुखांनी जोधपूरच्या जोशांची वही पाहून नोंद केली असेल असे कोणी म्हणणार नाही. शकावली आणि 'शिवभारत' ही मात्र दोन्ही स्वराज्याच्या वर्तुळातली. त्यांचा मूळ झरा एकच असू शकतो हे मान्य केले पाहिजे. तरी तो झरा घटनेच्या जवळचा आहे, उत्तरकालीन बखरकारांचा नाही.

याहून पक्की कसोटी गणिताची आहे. तिथी, वार आणि नक्षत्र एकत्र लिहिणारा माणूस स्वतःला अडकवून घेतो, कारण त्या तिन्हींचा मेळ बसतो की नाही हे तीनशे वर्षांनी कोणीही गणित करून पाहू शकतो. मागाहून रचलेल्या तिथीला वार चिकटवला तर तो बरोबर येण्याची शक्यता सातात एक. शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया शुक्रवारीच येते. याने जन्म सिद्ध होतो असे नव्हे. नोंद करणाऱ्यासमोर खरे पंचांग होते एवढे दिसते. पण पुराव्याच्या कामात 'एवढे' पुष्कळ असते.

यानंतरही मतभेद राहिले. १९६६ मध्ये राज्य शासनाने तज्ज्ञांची समिती नेमली, तिच्यातही पूर्ण एकमत झाले नाही. अखेर २००१ मध्ये शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली आणि कॅलेंडरांत, सुट्टीच्या यादीत, पाठ्यपुस्तकांत ती पक्की झाली. बहुतेक लोकांपर्यंत नवी तारीख पोचली ती अशी, शासननिर्णयातून. कारीची शकावली त्यांच्यापर्यंत पोचली नाही. दुरुस्ती आली, दुरुस्तीचे कारण वाटेतच राहिले.

याची परीक्षा घ्यायची असेल तर एक साधा प्रश्न पुरे. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. आज आपण जे ग्रेगोरियन कॅलेंडर वापरतो त्याप्रमाणे तोच दिवस १ मार्च १६३० येतो. हे ऐकून ज्याला धक्का बसतो, 'आता पुन्हा तारीख बदलली का' असे ज्याच्या तोंडून निघते, त्याच्याकडे फक्त आकडा होता. ज्याला मूळ नोंद तिथीची आहे आणि इंग्रजी तारीख हे तिचे रूपांतर आहे हे ठाऊक आहे, तो स्वस्थ राहतो. दोघेही कालपर्यंत 'बरोबर' उत्तर देत होते.

२. पणजोबा मूर्ख नव्हते

जुने ज्ञान खोटे निघाले की जुन्या लोकांना भोळे ठरवण्याची घाई होते. पण १६२७ मानणाऱ्यांकडे कारण होते, आणि ते वाईट कारण नव्हते. एकापेक्षा जास्त बखरी साधारण तेच वर्ष देत होत्या. साताऱ्यात राहून मराठी कागद गोळा करणारा स्कॉटिश इतिहासकार तेच देत होता. शाळेची पुस्तके तेच सांगत होती. इतके साक्षीदार एका सुरात बोलत असताना शंका घेणारा हट्टी ठरला असता.

गफलत साक्षीदार मोजण्यात झाली. दहा पुस्तकांनी एकाच बखरीवरून उतरवून घेतले असेल तर साक्षीदार दहा नव्हेत, एक. बखरी एकमेकींवरून उतरत, डफने बखरींवरून घेतले, शाळेच्या पुस्तकांनी डफवरून, आणि मग पुढच्या लेखकांनी शाळेत शिकलेल्या गोष्टीला बखरीचा दुजोरा मिळाला म्हणून समाधान मानले. वर्तुळ पुरे झाले. आतून पाहणाऱ्याला ते वर्तुळ भिंतीसारखे भक्कम दिसते.

ही कोंडी आपल्याकडे फार लवकर ओळखली गेली होती याचा विसर पडू नये. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच, १८६० च्या दशकात, डफच्या इतिहासावर टीका लिहिली. १८९८ मध्ये राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हा प्रस्तावनेत पानिपतच्या काळाच्या बखरी अस्सल पत्रांशी ताडून पाहिल्या आणि बखरींवर विसंबण्याची सवय मोडायला घेतली. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले ते याच कामासाठी. तेव्हा 'आम्हाला कोणी सांगितलेच नाही' ही तक्रार खोटी आहे. सांगणारे होते. ऐकणाऱ्यांना निष्कर्ष हवा होता, पद्धत नको होती.

वर्तुळ चित्रातही तयार होते. १९३३ पूर्वी महाराजांचे म्हणून एक चित्र सर्रास छापले जाई. ते वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे होते. वा. सी. बेंद्रे यांनी जुन्या डच पत्रव्यवहाराचा माग काढून खरे चित्र शोधले आणि १९३३ मध्ये ते लोकांसमोर आणले. चुकीच्या चित्रापुढे हात जोडणाऱ्यांची भक्ती खोटी नव्हती. चित्र सगळीकडे एकच होते, म्हणून ते ओळखीचे झाले होते; ओळखीचे होते, म्हणून खरे वाटत होते.

३. चार वाक्ये, चार वजने

आता सुरुवातीच्या वाक्यांकडे. 'खोटे निघाले' या एका शिक्क्याखाली आपण निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. त्या वेगळ्या केल्या पाहिजेत.

सिंहगडाचे नाव हे सर्वांत सरळ उदाहरण. तानाजी मालुसरे पडले ते ४ फेब्रुवारी १६७० रोजी. पण १६६३ च्या शिवकालीन पत्रात 'सिंहगड' हे नाव आधीच आलेले आहे. घटनेच्या सात वर्षे आधी वापरात असलेले नाव त्या घटनेमुळे पडले असे म्हणता येत नाही. इथे कागद वाक्याच्या थेट विरुद्ध साक्ष देतो, त्यामुळे निकाल स्वच्छ लागतो. १६९७ मध्ये जिंजीस बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदानेही महाराजांच्या तोंडी सिंह घातलेला नाही. एक गड मिळाला आणि एक गेला, असा त्याचा आशय आहे. 'गड आला पण सिंह गेला' हे प्रसिद्ध वाक्य घरोघर पोचले त्यात हरि नारायण आपटे यांच्या त्याच नावाच्या कादंबरीचा वाटा मोठा. दोर घेऊन कडा चढणारी यशवंती घोरपडही सभासदाकडे नाही. त्याचे मावळे वानरांसारखे कडा चढतात. घोरपड येते शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात.

आणि तरी इथे काय पडले ते नीट पाहावे. तानाजीचे मरण पडलेले नाही. रात्रीचा कडा, गड घेणे, वर पेटलेला जाळ राजगडावरून दिसणे, हे सगळे सभासदाकडे आहे. पडला तो फक्त कार्यकारणाचा धागा. कथा अतिशय नेटकी असते तेव्हा तिचा नेमका तोच धागा तपासावा असे मला वाटते: घटना खऱ्या, नाव खरे, आणि दोन्हींना बांधणारा 'म्हणून' मागाहून आलेला.

तोरण्याच्या धनाचे वजन निराळे. ही कथा उत्तरकालीन बखरींतून आणि डफच्या ग्रंथातून आपल्यापर्यंत आली. तिच्या बाजूने समकालीन पत्र नाही, तिच्या विरुद्धही नाही. ती खोटी ठरलेली नाही. ती सिद्ध झालेली नाही. या दोन वाक्यांतला फरक आपल्या सार्वजनिक वादांत सर्रास पुसला जातो. 'पुरावा नाही' म्हणजे 'घडले नाही' असे केव्हा म्हणता येते? जिथे घडले असते तर पुरावा राहायलाच हवा होता, तिथे. जहागिरीच्या डोंगरावर सापडलेले धन आदिलशाही दरबाराला कळू नये अशीच कोणाचीही इच्छा असणार. अशा गोष्टीचा कागद न सापडणे यावरून फार काही काढता येत नाही.

शिवाय ती कथा एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. विशीतही न पोचलेल्या जहागीरदाराच्या मुलाने मुरुंबदेवाच्या डोंगरावर एवढी तटबंदी उभारली, तर पैसा कुठून आणला? प्रश्न अस्सल आहे. उत्तर मागाहून सुचलेले असू शकते, आणि ते लोकांना इतके आवडले की प्रश्नच विसरला गेला. कथेचे खरे नुकसान हे. पुणे परगण्याचा वसूल, मावळातल्या देशमुखांची साथ, गुंजण मावळ आणि कानद खोऱ्यातल्या माणसांचे श्रम, यांचा हिशेब करायचा राहून गेला, कारण हंडे सापडले होते.

'सोळाव्या वर्षी तोरणा' याची गंमत अशी की ते वाक्य नव्या तारखेचे अपत्य आहे. तोरण्याचे वर्ष १६४६ धरले आणि जन्म १६३० धरला की सोळा येतात. पणजोबांच्या हिशेबाने एकोणीस येत. त्याच न्यायाने ३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले तेव्हा त्यांचे वय एका हिशेबाने पन्नास, दुसऱ्याने त्रेपन्नाच्या आसपास. एक तारीख हलली की तिच्यावर टेकलेली सगळी वये हलतात. आणि तोरण्याचे १६४६ हे वर्ष जन्मतिथीइतके पक्के नाही. काही अभ्यासक १६४७ धरतात. म्हणजे 'सोळा' ही पक्क्या आणि कच्च्या आकड्यांची वजाबाकी आहे. तिची खात्री कच्च्या आकड्याएवढीच.

रायरेश्वराच्या बाबतीत कागद आहे, पण कागदावरच प्रश्न आहे. १६४५ सालचे, रोहिड खोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू यांना लिहिलेले जे पत्र 'हिंदवी स्वराज्य' या शब्दांसाठी प्रसिद्ध आहे, त्याच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. वतनाच्या भांडणांत बनावट कागद करणे हा मावळात एके काळी जवळजवळ हुन्नर होता, म्हणून प्रत्येक घरगुती कागदाची भाषा, शिक्का, कालगणना तपासावी लागते. ही रीत जगभरची आहे. रोमच्या पोपला सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचे राज्य दिल्याचे दानपत्र शतकानुशतके खरे मानले जात होते; १४४० मध्ये लोरेन्झो व्हाला या पंडिताने त्यातली लॅटिन त्या सम्राटाच्या काळाची असू शकत नाही हे दाखवले. सैन्याला जे नाकारता आले नसते ते व्याकरणाने नाकारले.

४. दगड काय सांगतो

कागदाला कंटाळलेले लोक म्हणतात, गडावर चला, दगड खोटे बोलत नाहीत. दगड बोलतच नाहीत, ही अडचण आहे. तट केव्हाचा, दुरुस्ती केव्हाची, चुना कुठला, हे जाणकार सांगू शकतो. बालेकिल्ल्याच्या महादरवाज्यात अफझलखानाचे शिर पुरले ही परंपरा दगड सांगत नाही. ती त्या दगडाकडे बोट दाखवणारा माणूस सांगतो.

एक उदाहरण मला फार बोलके वाटते. सभासद राजगडाच्या चार माच्या सांगतो. गुंजवण्यातून वर आलेल्या कोणालाही तीन दिसतात: पद्मावती, सुवेळा, संजीवनी. सभासद चुकला का? तो राजारामाच्या पदरी होता, आणि राजाराम याच गडावर १६७० मध्ये जन्मलेला. साधी मोजणी चुकण्याइतका तो परका नव्हता. मग त्याने बालेकिल्ल्यालाही माची धरले असावे, असा मेळ काही अभ्यासक घालतात. शक्य आहे. पण इथे काय चालले आहे ते लक्षात घ्यावे: डोळ्यांना दिसणारी गोष्ट आणि बखरीतला आकडा जुळत नाही, आणि आपण सरळ कोणाला खोटे न ठरवता त्या काळी 'माची' कशाला म्हणत असतील हा प्रश्न उभा करतो. अज्ञानाची जागा नेमकी सापडली. 'सभासद चुकला' म्हणून मोकळे होणाऱ्याला आणि 'चारच आहेत' म्हणून हट्ट धरणाऱ्याला ती सापडली नसती.

मौखिक परंपरेचेही तसेच. गुंजवण्यात, पालीत, वाजेघरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाणारे ते टाकाऊ, असे मानणारे संशोधक मला पटत नाहीत. परंपरा पुरावाच असते. कशाचा, एवढेच विचारायचे. यशवंती घोरपड १६७० च्या रात्रीबद्दल काही सांगत नसेल. पोवाडा ऐकणाऱ्या समाजाला त्या कड्याची उंची किती वाटत होती हे ती नक्की सांगते.

५. आक्षेप

पहिला आक्षेप: असे प्रत्येक वाक्य सोलत बसले तर काहीच खरे उरणार नाही. उलट घडते. वर तपासलेल्या गोष्टींत फाल्गुन वद्य तृतीया अधिक पक्की होऊन बाहेर आली, तानाजीचे मरण अढळ राहिले, तोरण्याचे धन 'कदाचित' या कप्प्यात गेले, सिंहगडाच्या नावाची कथा पडली. सरसकट संशय घेणाऱ्याला हे चार निकाल वेगवेगळे देता आले नसते. त्याच्या लेखी सगळेच संशयास्पद, म्हणजे सगळेच सारखे. सरसकट श्रद्धा ठेवणाऱ्याच्या लेखीही सगळे सारखेच असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग प्रत्येकाने मोडी शिकायची का? शेती, नोकरी, संसार सांभाळून जोधपूरच्या कुंडल्या कोण तपासणार? नाही, कोणीच सगळे तपासू शकत नाही. औषधाची गोळी घेताना आपण रसायनशास्त्र तपासत नाही. विश्वास ठेवावाच लागतो, पण तो कशावर हे ठरवता येते. वाक्यावर ठेवलेला विश्वास वाक्य पडले की पडतो. तपासणी जिवंत आहे का, विरुद्ध पुरावा आणणाऱ्याला बोलू दिले जाते का, आधार उघड छापले जातात का, यांवर ठेवलेला विश्वास एक वाक्य पडल्याने वाढतो, कारण यंत्रणा चालू असल्याची ती खूण असते. सामान्य वाचकाकडून मागणी इतकीच, की 'हे कशावरून?' या प्रश्नाला एका ओळीचे उत्तर त्याला ठाऊक असावे, निदान असे उत्तर असते हे ठाऊक असावे. 'कारीची शकावली, शिवभारत आणि जोधपूरची कुंडली' एवढे पाठ करायला '१९ फेब्रुवारी १६३०' पेक्षा फार वेळ लागत नाही.

तिसरा: संशोधक तरी कुठे निर्लेप आहेत? मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांत एका जातीचे प्राबल्य होते आणि त्यांनी आपली माणसे मोठी केली. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. १८६९ मध्ये महात्मा फुल्यांनी शिवाजीराजांचा पवाडा लिहिला तोच मुळी प्रचलित कथनाला दिलेले उत्तर म्हणून. दादोजी कोंडदेवांचे उदाहरण घ्या. ते शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार पाहत, न्यायनिवाडे करत, याला कागदांचा आधार आहे. 'गुरू' ही पदवी आणि तिच्याभोवतीचे चित्र उत्तरकालीन भर आहे, आणि ती भर कोणी का घातली हे विचारण्याचा हक्क सर्वांना आहे. पण लेखकाच्या हेतूबद्दलचा संशय हे शोध घेण्याचे कारण झाले, शोधाचा निकाल नव्हे. प्रतिक्रियेच्या भरात 'दादोजींचा काही संबंधच नव्हता' म्हणणारे पहिल्यांइतकेच कागदापासून दूर जातात. आणि जन्मतिथीच्या प्रकरणात पाहा: कागद मराठा देशमुखाच्या घरातला, छापणारा ब्राह्मण पुढारी, दुजोरा देणारी वही मारवाडच्या ज्योतिष्याची, आणि पंचांगाचे गणित कोणीही करावे. जात विचारण्याची गरज जिथे सर्वांत कमी पडते तीच चांगल्या पुराव्याची जागा.

चौथा: लोकांच्या भावनांचे काय? भावनेला पुराव्याची गरजच नाही. तानाजीवर जीव टाकायला कोंढाण्याचे बारसे १६७० मध्येच व्हावे लागते असे नाही. गोची तेव्हा होते जेव्हा भावना वाक्याला चिकटते आणि वाक्य तपासणारा भावनेचा वैरी ठरतो. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, तो एका परदेशी लेखकाच्या शिवाजीवरील पुस्तकाच्या रागातून. त्या पुस्तकातल्या मजकुराचा निषेध करायला जागा होती. पण हात पडला तो पोथ्यांच्या कपाटांवर. खोट्या वाक्याला खोटे ठरवण्याचे साधन ज्या कपाटात असते तेच फोडले, तर पुढच्या खोट्या वाक्याला उत्तर कशाने देणार?

६. पाट्या लागण्याआधी

हे सगळे आत्ताच म्हणण्याला कारण आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत राजगड आहे. आता गडांवर माहितीफलक लागतील, गुंजवण्यातही लागतील, आणि दगडावर किंवा पत्र्यावर एकदा कोरलेले वाक्य पुस्तकातल्या वाक्यापेक्षा चिवट असते. जी चार वाक्ये डोक्यात घेऊन लोक वाट चढतात ती जशीच्या तशी पाटीवर आली तर आणखी शंभर वर्षांची निश्चिंती होईल.

माझी सूचना रोकडी आहे. राजगडाच्या पाटीवर तीन माच्यांची नावे द्यावीत आणि खाली लिहावे की १६९७ च्या सभासद बखरीत चार म्हटल्या आहेत. जन्माचा उल्लेख येईल तिथे तिथी आधी द्यावी, इंग्रजी तारीख मागून, आणि कारीच्या शकावलीचे नाव घालावे. भोर तालुक्यातल्या त्या गावाला एवढे श्रेय मिळायला हरकत नाही. तोरण्यावर धनाची कथा जरूर द्यावी, 'बखरी सांगतात' या दोन शब्दांसह. सिंहगडावर तानाजीचे मरण तारखेसह द्यावे आणि नावाची व्युत्पत्ती गाळावी, किंवा १६६३ चे पत्र सांगावे. जागा थोडी जास्त लागेल, फोटोत पाटी तितकी देखणी येणार नाही, आणि ठेकेदार कुरकुर करील. तरी पाटीच्या तळाशी एक ओळ हवीच: हा मजकूर कोणत्या साली, कोणते कागद पाहून लिहिला. म्हणजे पुढे नवा कागद निघाला, तर नेमकी कोणती ओळ काढायची ते कळेल, आणि बाकीच्या ओळी जागच्या जागी ठेवता येतील.